वाजवी सबब

वडूजच्या बाजूला रात्री साडेअकराला ‘धाड्’ असा आवाज झाला, की माणूस पहिल्यांदा बल्बाकडे बघतो. बल्ब गेला असेल तर डीपी उडाली. मग काळजी वायरमनची, आपण कूस बदलायची. बल्ब चालूच असेल तर मात्र घरात बैठक बसते. आजी म्हणते, कुणीतरी विहिरीला सुरुंग लावला. एवढ्या रात्री सुरुंग कोण लावील, असा प्रश्न खटाव तालुक्यात विचारू नये. पाण्यासाठी इथला माणूस काय करील आणि किती वाजता करील याचा नेम नाही. चुलते म्हणतात, ट्रकचा टायर. नातू म्हणतो, बुलेट. म्हणजे त्याच्या दोस्ताची मोटारसायकल, जिचा कंपनीचा सायलेन्सर काढून दुसरा बसवलाय आणि जी चौकातून जाताना मुद्दाम बार काढत जाते. सून म्हणते, कुणाचातरी वाढदिवस असेल, फ्लेक्स लागलाय की कोपऱ्यावर.

बंदूक म्हणून कुणी म्हणत नाही. मनात सगळ्यांच्या असतं. पण तो शब्द पहिल्यांदा जो बोलला त्याच्याकडे बाकीचे असे बघतात, की त्यानेच झाडली. मग तो बिचारा, “न्हाई म्हंजे, टायरच असंल,” म्हणून चादर डोक्यावर ओढतो.

ही जी चादर आहे, तिची कायद्याने आधीच दखल घेऊन ठेवली आहे. १९५९ चा शस्त्र कायदा, कलम ३६. या कायद्याखालचा गुन्हा घडल्याचं ज्याला ठाऊक आहे अशा प्रत्येक माणसाने जवळच्या पोलीस ठाण्याच्या अधिकाऱ्याला किंवा दंडाधिकाऱ्याला तशी माहिती दिली पाहिजे. दिली नाही तर वाजवी सबब पाहिजे. आणि सबब वाजवी आहे हे सिद्ध करायची जबाबदारी त्या माणसाचीच. मला हे कलम फार आवडतं. दिल्लीत बसून कायदा लिहिणाऱ्या कुणालातरी आमच्या आळीची पुरती ओळख असणार, त्याशिवाय ‘सबब’ या गोष्टीला थेट कलमात जागा मिळत नाही.

सबबींना तोटा नाहीच. मी झोपलो होतो, ही सर्वात दुबळी. कारण तीच सांगताना माणूस आवाज किती वाजता झाला तेही सांगून बसतो. माझा डावा कान दगडी आहे, ही बरी. टीव्ही मोठ्याने लावला होता, ही चालते, पण मग टीव्हीवर काय चाललं होतं ते आठवावं लागतं. पोराचं लग्न ठरवायचंय, ही भारीतली. तिच्यापुढे फौजदारही गप्प बसतो. पण खरी, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली सबब एकच: सगळ्यांनी ऐकलंय, मग मीच कशाला?

आणि ऐकलेलं असतंच सगळ्यांनी. सकाळी साडेसहाला चहाच्या टपरीवर तपास पुरा झालेला असतो. बार एक होता की दोन, दिशा कुठली, हत्यार गावठी कट्टा की ठासणीची, कट्टा असेल तर तो मध्य प्रदेशातल्या उमर्टीकडून कुणामार्फत आला, किती हजाराला पडला, भांडण बांधाचं की बाईचं, हे सगळं पहिल्या घाणीची भजी बाहेर पडेपर्यंत ठरतं. न्हाव्याच्या दुकानात त्यावर अपील होतं. दुपारपर्यंत ही माहिती पुण्यातल्या, मुंबईतल्या आणि सोनं-चांदी गाळायच्या धंद्यासाठी पार केरळपासून बिहारपर्यंत पसरलेल्या आमच्या गलाई मंडळींपर्यंत मोबाइलवर पोचते. जिल्ह्यात ही गोष्ट ठाऊक नसलेली जागा एकच उरते आणि तिच्या दारावर ‘पोलीस ठाणे’ अशी पाटी असते.

याला लोक भित्रेपणा म्हणतात. मला तसं वाटत नाही. या भागाच्या न ऐकण्याला इतिहास आहे, आणि तो चांगला भारदस्त आहे.

वडूजमधला सर्वात गाजलेला गोळीबार पोलिसांचाच. ९ सप्टेंबर १९४२. जयराम स्वामींच्या वडगावातून आणि आसपासच्या गावांतून लोक मोर्चा घेऊन इथल्या मामलेदार कचेरीवर तिरंगा लावायला आले. पुढे परशुराम घार्गे, पैलवान माणूस, हातात झेंडा. त्याआधी आठवडाभर, ३ सप्टेंबरला, तासगावात असाच मोर्चा गेला होता आणि तिथे कचेरीवर झेंडा लागला होता, गोळी न झडता. वडूजला गोळ्या झाडल्या. नऊ माणसं गेली, परशुराम घार्गेही त्यांत. दुसऱ्या दिवशी इस्लामपूरला पुन्हा गोळीबार. आज वडूजच्या शाळेला हुतात्मा परशुराम यांचं नाव आहे, आणि पोरं ते नाव वहीच्या पहिल्या पानावर लिहीतच मोठी होतात.

आता त्या दिवशी नियमाप्रमाणे गोळीबाराची वर्दी कुठे द्यायची होती? जवळच्या ठाण्यात. म्हणजे जिथून बंदुका आल्या तिथेच.

त्यानंतरची चार वर्षं तर काही ऐकायचं नाही आणि काही बघायचं नाही हा या मुलखाचा कामधंदाच झाला. प्रतिसरकार उभं राहिलं. क्रांतिसिंह नाना पाटील १९४२ ते १९४६ भूमिगत राहिले आणि पोलिसांच्या हाती लागले नाहीत. एवढा धिप्पाड, एवढ्या मोठ्या आवाजाचा माणूस, गावोगाव सभा घेणारा, आणि ज्या गावाला विचारावं त्या गावाने म्हणावं, “कोण नाना?” शेणोलीला रेल्वे लुटली जाते, धुळ्याचा खजिना लुटला जातो, आणि सातारा जिल्ह्याला त्या वेळी नेमकी गाढ झोप लागलेली असते. ज्याला झोप यायची नाही आणि जो कचेरीत जाऊन काय ऐकलं ते सांगायचा, त्याच्या तळपायांचा समाचार घेतला जाई. पत्रीसरकार हे नाव लोकांच्या तोंडी त्यावरूनच बसलं म्हणतात. तेव्हा आमच्या आज्यांनी आपापल्या पोरांना शिकवलं ते एकच: आवाज झाला तर आधी कंदील मालव. स्वातंत्र्य आलं, कलेक्टर बदलला, टोप्या बदलल्या, पण त्या पोरांना कुणी येऊन सांगितलं नाही, की बाबांनो, आता कंदील लावा आणि जाऊन सांगा, हे आपलंच सरकार आहे. सांगितलं असतं तरी त्यांनी म्हटलं असतं, “बघू.”

पोलिसांच्या हद्दीचं प्रकरणही त्याच काळातलं. औंध संस्थान या भागात तुकड्या-तुकड्यांनी विखुरलेलं होतं. इंग्रजी पोलीस मागे लागले, की ओढा ओलांडायचा आणि पंतप्रतिनिधींच्या राज्यात जाऊन उभं राहायचं. भूमिगतांचं कुंडल तर औंधाचंच. भूमिगतांच्या पायाखाली हा नकाशा इतका पक्का होता, की तलाठ्याला लाजवावा. १९४८ साली संस्थान विलीन झालं. हद्दीची आठवण मात्र विलीन झाली नाही. ती लोकांच्या पायांतून निघून पोलिसांच्या डोक्यात गेली. आता ओढ्यापलीकडे बार झाला, की पळणारा पळतो तो निराळाच, आणि “ती हद्द आमची नव्हे” म्हणून सुटणारा निराळा.

दूरचा अनुभव असलेला माणूस या गोष्टीकडे वेगळ्या डोळ्याने बघतो. आमचे एक पाव्हणे उत्तर प्रदेशात गलाईचं दुकान चालवतात. यात्रेला गावी आले, की ते आमच्या फटाक्यांना हसतात. तिकडे वरात निघाली, की मुलाचा मामा दुनळी काढतो आणि आनंदाच्या भरात आभाळाच्या दिशेने दोन बार टाकतो. बंदूक नसलेला मामा तिकडे हलका धरतात. एका लग्नात मांडवाच्या कापडाला भोक पडलं, आणि व्याही म्हणाले, हवा चांगली येईल. पाव्हणे हे कौतुकाने सांगतात. पण स्वतः तिकडच्या लग्नात ते नेहमी पक्क्या स्लॅबखाली जेवायला बसतात. वर गेलेली गोळी खाली यायचीच, हे गलाईवाल्याला शास्त्रज्ञापेक्षा जास्त पटलेलं असतं.

या हौसेपायी माणसं मरतात म्हणून २०१९ साली कायद्यात खास दुरुस्ती झाली. लग्नात, देवळात, मेळाव्यात आनंदाप्रीत्यर्थ गोळी झाडून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला, तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा लाखभरापर्यंत दंड, किंवा दोन्ही. बंदुकीचा परवाना असला तरीही. त्याच दुरुस्तीने एका माणसाला ठेवता येणाऱ्या परवान्याच्या बंदुका तीनवरून दोनवर आणल्या. आमच्याकडे परवान्याची बंदूक म्हणजे बहुतेक शेतीसंरक्षणाची, आजोबांच्या नावची, माळ्यावर फडक्यात गुंडाळलेली. ती वर्षानुवर्षं रानडुकराला दिसत नाही. आचारसंहिता लागली, की ठाण्यात जमा व्हायला आणि निकालानंतर परत यायला तेवढी फडक्यातून बाहेर पडते. तिच्याइतका सरकारी पाहुणचार घरातल्या दुसऱ्या कुणाच्या वाट्याला आलेला नाही.

अलीकडे मात्र या परवानेदारांच्या पोटावर पाय आणणारी एक चीज आली आहे. पीव्हीसी पाइपचा तुकडा, त्यात कार्बाइडचा खडा, थोडं पाणी, आणि मागून गॅसच्या शेगडीचा लायटर. माकडं आणि डुकरं पळवायला म्हणून शेतात आली आणि पोरांच्या हातात गेली. परवाना नाही, काडतूस नाही, आणि आवाज असा की म्हैस दूध चोरते. २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात या नळ्यांनी कितीतरी पोरांचे डोळे अधू केले. बार झाला नाही की पोरगं नळीत डोकावून बघतं, आणि नेमकं तेव्हाच ती उडते. इथे हसण्यासारखं काही नाही. पण पोलिसांच्या दृष्टीने घोटाळा असा, की बंदुकीचा बार कुठला आणि पाइपचा कुठला हे आता नुसत्या कानाने सांगणं कठीण झालं. जाणकार म्हणतात, चमक दिसल्यापासून आवाज येईपर्यंतचे सेकंद मोजा, तीन सेकंदांना किलोमीटर धरा. विजेचं असंच मोजतात. आमच्याकडे पाऊसच बेताचा, त्यामुळे मोजायचा सराव कुणाला नाही.

तरीही एक माणूस वर्दी द्यायला गेला. आमच्या शेजारचे तात्या. एस.टी.तून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात सुट्या पैशांचा आणि वेळेचा हिशेब चुकू दिला नाही, त्याच्या कानावर रात्री अकरा बत्तीसला बार पडला आणि त्याने तो भिंतीवरच्या कालनिर्णयावर, त्या दिवसाच्या चौकोनात, दूधवाल्याच्या हिशेबाखाली टिपून ठेवला.

रात्रीच ११२ ला फोन लावला त्यांनी. तो फोन नवी मुंबईत किंवा नागपुरात उचलला जातो. पलीकडची मुलगी गोड होती. तालुका विचारला, तात्यांनी ‘खटाव’ सांगितलं. गाव खटावच का, तिने विचारलं. आता खटाव तालुक्याची कचेरी खटावात नसून वडूजला आहे, खटाव हे गाव निराळं, आणि आपलं गाव या दोन्हींहून निराळं, हे त्यांनी तिला वळणावळणाने समजावून दिलं. जवळची खूण विचारली तर म्हणाले, मारुतीचं देऊळ. महाराष्ट्रात या खुणेवरून गाडी पाठवायची म्हणजे सगळ्याच गाड्या काढाव्या लागतील. पण फोनचं ठिकाण तिच्या समोर दिसत असणार, कारण गाडी आली. दिवा फिरवत आली, गल्लीतून एक चक्कर मारली, आणि त्या मिनिटभरात ओळीने सगळ्या घरांतले दिवे गेले. सकाळी ठाण्यात येऊन फिर्याद द्या, असं सांगून गाडी गेली.

सकाळी मला सोबतीला नेलं. कुठलं ठाणं ते सांगत नाही.

“काका, कशावरून म्हणता बंदूक?” अंमलदाराने विचारलं. तरुण होता, रात्रपाळी करून डोळे लाल झालेले.

“डीपी म्हणावी तर लाइट हुती. सुरुंग म्हणावा तर फळीवरची भांडी हलली न्हाईत. बुलेट असती तर आवाज म्होरं सरकला असता. ह्यो एकाच जागी दोनदा झाला. अकरा बत्तीस आणि अकरा तेहेतीस.”

अंमलदाराने पेन खाली ठेवलं आणि तात्यांकडे नीट बघितलं. मग कागद पुढे ओढला.

“त्या वेळी तुम्ही कुठे होता?”

“पायरीवर.”

“कशाला?”

“लघवीला उठलो हुतो.”

अंमलदाराने लिहिलं आणि वाचून दाखवलं: मी वरील पत्त्यावर कुटुंबासह राहणेस असून पेन्शन व शेतीवर उपजीविका करतो. काल रोजी रात्रौ ११.३२ वाजणेचे सुमारास मी नैसर्गिक विधीकरिता घराबाहेर आलो असता, कोणीतरी अज्ञात इसमाने कोणत्यातरी अज्ञात कारणावरून कोणत्यातरी अग्निशस्त्रातून...

“सुमारास न्हवं,” तात्या म्हणाले. “बत्तीसलाच.”

“सुमारास लिहावंच लागतं काका.”

“मग गाडी चुकती.”

“आणि विधी एवढा मोठा कशाला केलाय?” हे त्यांनी माझ्या कानात विचारलं, पण कंडक्टरचं कानात विचारणं शेवटच्या बाकापर्यंत जातं. कोठडीतला एक जण हसला.

मग हद्द निघाली. आवाज ओढ्याच्या अलीकडचा की पलीकडचा? तात्या म्हणाले, आवाजाला कसली आलीये हद्द. अंमलदार म्हणाला, आवाजाला नसते हो, तपासाला असते. पण १ जुलै २०२४ पासून नवा कायदा आलाय, गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, शून्य क्रमांकाने लिहून घेऊन मग ज्याच्या त्याच्याकडे पाठवता येतो, हेही त्यानेच सांगितलं. तसा तो अडवणारा माणूस नव्हता. शस्त्र कायद्यातला प्रत्येक गुन्हा दखलपात्र, एनसी फाडून बोळवण करता येत नाही, हे त्याला ठाऊक होतं. आणि तात्यांची अशी बोळवण होणार नाही हे त्याला पहिल्या पाच मिनिटांत कळलं होतं.

“काही सापडलं का जागेवर?”

तात्यांनी खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली. आत पितळी पुंगळी. लखलखीत. अशी, की सोनाराने आत्ताच हातात ठेवावी.

“ही कुठे मिळाली?”

तिचा प्रवास असा. सकाळी गटारीच्या कडेला गल्लीतल्या एका पोराला सापडली. त्याने तोंडाला लावून शिट्टी वाजवून बघितली, वाजली. मग दुसऱ्या पोराने वाजवली. पुंगळी दोन चॉकलेटांवर तिसऱ्याकडे गेली. तिसऱ्याच्या बापाने हातात घेऊन, उलटीपालटी करून, “नाइन एमएम,” असा निकाल दिला आणि शेजाऱ्याला दाखवायला नेली. टपरीवरच्या सगळ्या बाकांवरून ती फिरली. तिथून तात्यांनी जप्त केली आणि घरी आणून ओट्यावर ठेवली, तर काकींना वाटलं समईचा भाग. त्यांनी देवाच्या भांड्यांबरोबर ती पितांबरीने घासून काढली.

अंमलदाराने कपाळाला हात लावला. “काका, ठसे गेले की हो सगळे.”

“गेलं तर गेलं. चमक बघा की.”

शेवटी आतून साहेब आले, त्यांनी चिमट्याने पुंगळी उचलून बुडाकडून बघितली आणि म्हणाले, असू द्या. घोड्याच्या पिनेचा इथे खड्डा पडतो, तो प्रत्येक हत्याराचा आपापला असतो, आणि तो काही पितांबरीने जात नाही. पुढच्या वेळी मात्र हात लावू नका, वर भांडं पालथं घाला आणि आम्हाला बोलवा. ‘पुढच्या वेळी’ म्हटल्यावर तात्यांचा चेहरा जरा उजळला.

फिर्यादीची नक्कल फुकट मिळते. तात्यांनी ती दोनदा वाचली, ‘सुमारास’वर एकदा नख ओढून बघितलं आणि घडी करून खिशात ठेवली. आम्ही उठलो. दारापर्यंत आलो असू, तेवढ्यात अंमलदाराने मागून हाक मारली.

“काका, आता आलाच आहात तर अर्धा तास थांबा. दुसऱ्या एका केसचा पंचनामा आहे, मोटर चोरीचा. पंच मिळत नाहीये. नुसती सही. कोर्टात बोलावलं तरी पाच-सहा वर्षांनी बोलावतील.”

तात्यांनी मागे वळून बघितलं नाही. माझ्या दंडाला धरून त्यांनी मला पायऱ्या उतरवल्या.

“तात्या, ते बोलवतायत,” मी म्हटलं.

“कोण?” तात्या म्हणाले. “डावा कान दगडी हाय माझा. चल बिगीबिगी, साडेदहाची गाडी चुकंल.”